गझालींच्या पुस्तकातले इब्न सीना

प्रश्न : ताई, इस्लामी धर्मपंडित गझालींचं ‘तहाफुत अल-फलासिफा’ (तत्त्वज्ञांची विसंगती) अनुवादातून वाचून झालं. ईश्वराला एकेक वस्तूचं ज्ञान नसतं, असं तत्त्वज्ञ मानतात आणि हे कुफ्र (धर्म नाकारणं) आहे, असं शेवटी म्हटलंय. त्या तत्त्वज्ञांपैकी प्रमुख इब्न सीना खरंच असं म्हणाले होते का? विरोधकाने मांडलेलं मत कितपत धरून चालावं?

उत्तर : इब्न सीनांचा ग्रंथ नंतर उघडा. आधी याच पुस्तकातला तेरावा मुद्दा पुन्हा वाचा. गझालींनी एकूण 20 मुद्दे घेतलेत. तेराव्यात त्यांनी इब्न सीनांची बाजू मन लावून मांडली आहे. ग्रहण लागायचंय, लागलंय, सुटलंय : आपलं ज्ञान तीनदा बदलतं. ईश्वरात तर बदल नाही. म्हणून त्याला ग्रहण कळतं ते कारणांवरून, काळाच्या बाहेर राहून. कणभर वस्तूही त्याच्या ज्ञानातून निसटत नाही, मात्र ती ‘सार्विक रीतीने’, म्हणजे सर्वसामान्य स्वरूपातून, कळते. हे सगळं गझालीच सांगतात. आणि समारोपात तीन मतांना (हे त्यांपैकी एक) कुफ्र ठरवताना ‘सार्विक रीतीने’ हे दोन शब्द गळतात! मी वहीत दोन्ही उतारे समोरासमोरच्या पानांवर उतरवले, तेव्हा ही गळती दिसली. नुसतं वाचताना ती दिसली नव्हती.

इब्न सीनांच्या ‘शिफा’ या ग्रंथातल्या ‘इलाहियात’ (ईश्वरविषयक) भागात, आठव्या मकाल्याच्या (खंडाच्या) सहाव्या प्रकरणात, तो कणाचा दाखला कुराणाच्याच शब्दांत आहे. म्हणजे ‘कळत नाही’ असं ते म्हणालेले नाहीत.

पण एवढ्यावर गझालींना खोटं ठरवू नका. त्यांचा आक्षेप खोल आहे. झैद नावाच्या एका माणसाने आज्ञा पाळली की मोडली, हे काळाबाहेरच्या ज्ञानात कसं यावं? ‘माणूस’ कळला म्हणून हा झैद कळला का? इब्न सीनांचं म्हणणं एक, त्यातून गझालींनी काढलेला निष्कर्ष दुसरा. समारोपात निष्कर्षच म्हणणं म्हणून नोंदला गेलाय. निष्कर्ष बरोबर असेलही. मला स्वतःला तो बराचसा पटतो. तरी वहीत त्याचा रकाना वेगळाच हवा.

आपल्याकडे पूर्वपक्ष, म्हणजे खंडनाआधी मांडलेली विरोधकाची बाजू, वाचायची सवय असते, ती इथे कामाला येते. तिच्याकडे माझं एकदा दुर्लक्ष झालं होतं. गझालींचं ‘मकासिद अल-फलासिफा’ मी प्रथम वाचलं ते सुरुवातीची पानं नसलेल्या झेरॉक्सवरून, आणि कित्येक महिने त्यातली मतं गझालींचीच समजत होते. पुढे प्रस्तावना मिळाली. तत्त्वज्ञांचं म्हणणं खरंखोटं न करता आधी जसंच्या तसं सांगतो, खंडन नंतर करीन, असं त्यांनी तिथे स्पष्ट लिहिलंय. हे पुस्तक बरंचसं इब्न सीनांच्या फारसी ‘दानिशनामा’वर बेतलेलं आहे. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं आणि प्रस्तावनेविना फिरलं, तेव्हा युरोपातले पंडितही गझालींना इब्न सीनांचे अनुयायी समजून बसले.

पुढे ॲरिस्टॉटलचे भाष्यकार इब्न रुश्द यांचं ‘तहाफुत अल-तहाफुत’ (गझालींच्या पुस्तकाला उत्तर) घ्या. ते गझालींचा मजकूर देत देत उत्तर देतात, त्यामुळे ताडून पाहणं सोपं जातं. फक्त त्यांना इब्न सीनांचे वकील समजू नका. कित्येक ठिकाणी ते म्हणतात की हे मत ॲरिस्टॉटलचं नव्हेच, इब्न सीनांनी घातलेलं आहे. तिथे तिसरा रकाना आखावा लागेल.