‘सर, आमची प्रत कुठे आहे?’

प्रश्न : मी चिपळूणचा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांच्या चोपड्या आणि छायाचित्रे वाहून गेली, तेव्हा त्या पेठेच्या आठवणी मी लिहून काढल्या आणि गेल्या वर्षी १७६ पानांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. ५०० प्रतींना ६२,००० रुपये लागले. किंमत २५० रुपये ठेवली. प्रकाशनाला सभागृह भरले होते. तरीही आजवर ३८ प्रतीच विकल्या गेल्या आहेत आणि १४० प्रती भेट म्हणून गेल्या आहेत. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘सर, आमची प्रत कुठे आहे?’ असे हक्काने विचारतो. माजी विद्यार्थ्यांकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. काय करावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपली अडचण ‘आमची प्रत’ या दोन शब्दांत आहे. तालुक्याच्या गावात सरांचे पुस्तक लग्नपत्रिकेसारखे असते. ते घरी यावे, अशी अपेक्षा असते आणि दुकानातून विकत आणणे हेच परकेपणाचे वाटते. यात पुस्तकाचा अनादर नाही, उलट आपुलकीच आहे. मात्र छपाईचे बिल आपुलकीने फिटत नाही. लोक वाचत नाहीत म्हणून पुस्तक पडून आहे, असा निष्कर्ष त्यामुळे इतक्यात काढू नये, आणि किंमत उतरवूनही काही साधणार नाही, कारण ज्याला पुस्तक भेट हवे आहे त्याला शंभर रुपयेही जास्तच वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे घेण्याचे काम आपल्या हातून काढून घ्यावे. वह्या-पेनांचे दुकान, एखादे औषधांचे दुकान, ओळखीची गिरणीसुद्धा चालेल. तिथे दहा-दहा प्रती ठेवाव्यात आणि विक्रीमागे ठरलेली रक्कम दुकानदाराला द्यावी. मग रस्त्यातल्या प्रश्नाला ‘अमुक दुकानात ठेवली आहे, वाचून कळवा’ एवढेच उत्तर पुरते. पहिल्या काही वेळा ते कोरडे वाटेल. ज्यांनी आपल्याला माहिती दिली, घरातली उरलीसुरली छायाचित्रे काढून दिली, त्यांना मात्र प्रत विनामूल्यच पोचली पाहिजे. ती भेट नव्हे, ते देणे आहे.

प्रकाशन समारंभाबद्दल आता बोलून उपयोग नाही, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. सभागृह, फलक, शाल-श्रीफळ आणि चहा यांचा खर्च कित्येक प्रतींच्या किमतीएवढा होतो. व्यासपीठावरच्या सर्वांना पुस्तक फुकट मिळते आणि सहावे भाषण संपेपर्यंत श्रोते शेवटच्या एसटीच्या काळजीने उठून जातात, त्यामुळे दाराजवळच्या विक्रीच्या टेबलाकडे कोणी वळतही नाही. त्यापेक्षा आपण ज्या दुकानाबद्दल लिहिले आहे त्याच दुकानाच्या पायरीवर बसून एखाद्या संध्याकाळी दोन पाने वाचून दाखवावीत. त्या घरातली माणसे ऐकतील, शेजारचे ‘आमच्या आजोबांबद्दल काय लिहिले आहे?’ म्हणून विचारतील, आणि तसे विचारणारा माणूस पुस्तक विकत घेतो.

आपल्या पुस्तकाचा खरा वाचक चिपळुणात आहे असेही मी धरून चालत नाही. पेठेत रोज वावरणाऱ्याला तिची ओढ कशाला वाटेल? ती ओढ तीस-चाळीस वर्षांपूर्वी मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला असते. गौरी-गणपतीत आणि शिमग्याला तो गावी येतो, तेव्हा त्या आठवड्यांत प्रती दुकानांच्या दर्शनी भागात असल्या पाहिजेत. ऐन सणात मागवायला गेलात तर उशीर झालेला असेल. मुंबई-ठाण्यातली ग्रामस्थ मंडळे वार्षिक मेळावे घेतात. त्यांच्या चिटणीसांशी आधी बोलून वीस टक्के सवलतीने प्रती द्याव्यात. हिशेब असा आहे : एक प्रत आपल्याला १२४ रुपयांना पडली. वितरकाला चाळीस टक्के दिले तर हाती १५० येतात, म्हणजे २६ रुपये उरतात आणि तेही टपालात जातात. मंडळाला दिल्यास २०० येतात आणि ७६ रुपये उरतात.

ग्रंथालयांचा मार्ग संथ असला तरी खात्रीचा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गांची ग्रंथालये अनुदानातून पुस्तके घेतात. त्यांना रीतसर बिल लागते; हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर ग्रंथपाल पैसे देऊ शकत नाही, म्हणून बिलपुस्तक छापून घ्यावे. आपल्या गावच्या, १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला मात्र दोन प्रती न मागता द्याव्यात. त्या पुरात त्या वास्तूतही पाणी शिरले होते.

उरलेल्या ३२२ प्रती संपायला दोन-तीन वर्षे लागतील. पाचशे प्रती छापणेच मुळात जास्त होते; पुढच्या वेळी शंभर-दोनशे प्रतींची डिजिटल छपाई करून मागणीप्रमाणे पुन्हा छापावे. तोवर गठ्ठे जमिनीपासून उंच, माळ्यावर ठेवावेत, हे चिपळूणकरांना मी सांगायला नको.

प्रश्न : आयएसबीएन क्रमांक न घेता मी कवितासंग्रह छापला. आता तो विकता येणार नाही, असे एकाने सांगितले. हे खरे आहे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक; तो कायद्याने सक्तीचा नाही. गावातल्या दुकानात किंवा कार्यक्रमात त्यावाचून विक्री करता येते. मोठी दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते सहसा तो मागतात. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो, तेव्हा कोणी त्यासाठी पैसे मागितले तर ते त्याच्या मध्यस्थीचे आहेत असे समजावे. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते. ती आपण पाठवली आहे का, हे आधी पाहावे.