गाडीत डाव्या सीटच्या पायाशी पाणी येत असेल तर समोरची काच काढायला देऊ नका, आधी दार उघडून पाहा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. 2012 ची गाडी, जोराचा पाऊस झाला की ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर पायाशी पाणी, कार्पेट ओलं, कुबट वास, आणि मेकॅनिक म्हणून राहिला की समोरची काच काढून नव्याने बसवावी लागेल. माझ्या 2011 च्या हॅचबॅकचं अगदी हेच झालं होतं, तीच बाजू, तेच निदान. मी दोन पावसाळे आणि बराच पैसा यात घालवला, म्हणून जरा लांबण लावतो, वाचून घ्या. मी मेकॅनिक नाही, एका गाडीचा अनुभव सांगतो, तुमचं कारण वेगळंही निघू शकते.

ते एसीचं पाणी नाही हे तुम्ही पाहिलंच असेल असं धरून चालतो. एसीचं पाणी कोरड्या दिवशीही एसी लावला की येते, पावसाचं फक्त पावसात. आणि ओल चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेच्या आतून तेलकट धुकं बसत असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे, ते विषारी असते, त्यासाठी हीटरची कॉइल पाहावी लागते, तो विषयच वेगळा.

आता माझी चूक, जिच्यासाठी एवढं लिहून राहिलो. मी सर्व्हिस सेंटरला गेलो, कोणतं ते सांगत नाही. तीनदा गेलो. तीनही वेळा जॉब कार्डवर एकच ओळ, ‘वॉटर लीकेज अटेंडेड’. म्हणजे काय केलं, पाणी कुठून येत होतं, हे विचारलं की सल्लागार म्हणायचा सर गाडी जुनी झाली, रबर जुने झाले. पहिल्यांदा काच काढून परत बसवली. दुसऱ्यांदा काचेच्या कडेने सिलिकॉन. तिसऱ्यांदा तिथला पोरगा सिलिकॉनची ट्यूब घेऊन चारही दारांच्या खालच्या कडेने फिरला, म्हणाला रस्त्यावरचं पाणी खालून मारते, बंद करून टाकतो. मी तिथे उभा होतो आणि मी करू दिलं. त्याचा राग मला आजही येतो, कारण या तिन्ही खेपांत एकानेही गाडीवर पाइपने पाणी सोडून आत बसून पाहिलं नाही. एकानेही नाही!

आठवडाभराने नागपूरच्या प्रताप नगर चौकात वळलो तर डाव्या दारातून खळखळ आवाज, एखादी अर्धी भरलेली बाटली आडवी पडल्यासारखा. सीटखाली पाहिलं, डिकीत पाहिलं, काही नाही. घरी येऊन दार उघडं टाकून हलवलं तर आवाज दारातूनच. स्क्रूड्रायव्हरने खालच्या कडेचं सिलिकॉन उकरलं आणि काळं पाणी धो धो आलं, सोबत कडुनिंबाची कुजलेली पानं. खाली ठेवलेला टब अर्धा भरला.

तर हे समजून घ्या, कारण बहुतेकांना माहीत नसते आणि मलाही नव्हतं. दाराच्या आत पाणी जाणारच, ती गळती नाही. दाराची काच जिथून खाली-वर होते तिथल्या पट्टीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरते आणि खाली कडेला जी दोन-चार भोकं असतात त्यातून बाहेर पडते. दाराचं पोट आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर यांच्या मधे एक पातळ शीट काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेली असते, ती पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. भोकं बुजली किंवा शीट फाटली की पाणी कव्हरच्या मागून सरळ कार्पेटवर. माझ्या गाडीत आधी शीट फाटलेली होती, मग त्यांनी भोकंही बुजवून दिली. शीट फाटली कशी, तर 2014 मधे मी दारात मोठे स्पीकर बसवले होते. बसवणाऱ्याने ब्लेडने गोल कापून घेतली होती आणि उरलेली सेलोटेपने लावून दिली होती, ती सेलोटेप केव्हाच सुटून लोंबत होती.

आपल्याकडे मे महिन्यात 45-46 डिग्रीत गाडी उभी राहते, त्याने रबर कडक होते, डिंक सुकून सुटतो. म्हणून जूनमधला पहिला पाऊस पडला की जुन्या गाड्यांत हे दुखणं निघते, स्पीकर न बसवताही.

तुम्ही आता असं करा. कार्पेट उचला, खाली फोम असतो तो पूर्ण पिळून काढा, तिथली जागा कोरडी करा आणि जुने पेपर अंथरा. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून बागेचा साधा पाइप घेऊन. प्रेशर नको, वॉशिंग सेंटरची गन तर अजिबात नको, ती चांगल्या रबरातूनही पाणी घुसवते आणि दिशाभूल होते. सुरुवात खालून करा. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची पट्टी, मग वायपरखालची जाळी, सगळ्यात शेवटी समोरची काच आणि छत. प्रत्येक जागी सात-आठ मिनिटं थांबा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. दाराचं कव्हर काढून ही टेस्ट केली तर धार कुठून येते ते डोळ्यांनी दिसते. अजून एक, जिथे ओल आहे तिथूनच पाणी आलं असं समजू नका. माझ्या घरासमोर उतार आहे, गाडीचं तोंड वर करून लावली की मागची कार्पेट ओली व्हायची आणि मी मागच्या दारावर संशय घेत बसलो होतो.

वायपरखालची जाळी मात्र नक्की पाहा, झाडाखाली गाडी लावत असाल तर जास्तच. तिथला निचरा पानांनी तुंबला की पाणी ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत उतरते आणि तेही डाव्या पायाशीच येते. ब्लोअर लावल्यावर पाण्याचे तुषार उडत असतील तर तिथेच घोडं अडलं आहे. हे साफ करायला पैसे लागत नाहीत.

दाराचं रबर पाहायचं असेल तर दहाची नोट रबर आणि फ्रेमच्या मधे ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर त्या जागी रबर धरत नाही.

माझा खर्च शेवटी काय आला? दाराला जाड पॉलिथिन शीट आणि ती चिकटवायला ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), सगळं मिळून चारशेच्या आत, एक रविवार. शीटची खालची कड दाराच्या पोटात आत वळवा, बाहेर लोंबू देऊ नका, नाहीतर पाणी परत कव्हरकडेच येईल. आणि त्याआधी जे गेलं ते असं, काचेची मजुरी आणि सिलिकॉन मिळून सहा हजारांवर, मग कार्पेटखालचं वायरिंगचं कनेक्टर हिरवं पडलं, सेंट्रल लॉक रात्री-बेरात्री आपोआप उघडायला लागलं, ते दुरुस्त करायला नऊ हजार. पण सगळ्यात जास्त दुखते ते काचेचं. काढताना फ्रेमचा रंग खरवडला गेला, आता तिथे गंज धरला आहे आणि काच परत काढल्याशिवाय तो निघत नाही. माझं ठाम मत आहे की कारखान्यात चिकटवलेली काच सहसा गळत नाही, एकदा काढून बसवलेली गळते. तुमची काच कधी बदलली नसेल तर तिला हात लावू देऊ नका.

सीट काढाल तर आधी बॅटरी सुटी करा, आणि खाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅग किंवा बेल्टचं असते, ते काम जाणकाराला द्या. जुलैच्या हवेत फोम वाळत नाही, वाळल्यासारखा वाटतो पण खालून ओलाच राहतो, तो बाहेर काढून पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर अजून एक पाहा. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या भागावर चिखलाची रेघ आहे का आणि सीटच्या रेलवर गंज आहे का पाहा. तसं निघालं तर मी सांगितलेलं पुरणार नाही, सगळं वायरिंग तपासावं लागेल.

तुमच्या गाडीत स्पीकर किंवा पॉवर विंडोचं काम बाहेरून झालं आहे का? आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेची भोकं मोकळी आहेत का, तार घालून पाहून घ्या. कव्हर काढल्यावर शीटचा फोटो टाका, मी पाहून सांगतो.