दुकानात जाताना निळा कागद घेऊन जा

ताई, ‘उन्हात फोटो छापते’ हे केमिकलच्या दुकानात पहिलं वाक्य म्हणून बोलायचं नसतं. मी हे तीन दुकानांतनं हात हलवत परत आल्यावर शिकलो, त्यामुळे तुमची पोस्ट वाचताना तो काउंटर, ती चिठ्ठी आणि एकदा चिठ्ठीकडे नि एकदा आपल्याकडे बघणारा तो पोरगा, सगळं डोळ्यासमोर आलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई सायनोटाइप करतात, म्हणजे कागदाला दोन केमिकल्सचं मिश्रण लावायचं, वाळलं की त्यावर पान नाहीतर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं, गर्द निळा फोटो येतो. त्यांनी १०० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड मागितलं. काउंटरवरच्याने नाव वाचून चिठ्ठी परत सरकवली, कशाला पाहिजे विचारलं, छंद आहे म्हटल्यावर आतल्या दोघांना हाक मारून ‘मॅडमना फोटो काढायला सायनाइड पाहिजे’ असं सांगून हशा पिकवला आणि मग ‘आम्ही असं कुणालाही देत नाही’. आता ताईंचे प्रश्न दोन, एक म्हणजे नाही म्हणायचा त्याला हक्क आहे का आणि दुसरा, माल आणायचा कुठनं.

हक्काचं पटकन उरकतो. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानांचा उल्लेख आहे, पण धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्या कारणांवरून कुणाला दुकानात मज्जाव करता येणार नाही असं ते आहे, त्यात छंद येत नाही. तुम्ही बाई म्हणून नाही म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तो त्या नावाला घाबरला. वर प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी दुकानदाराला ग्राहक आयोगात खेचा म्हणालंय, तर माल घेतला नाही, पैसे दिले नाहीत, बिल नाही, तिथे काय घेऊन उभं राहणार? माझं मत, सोडून द्या. हसला ते मात्र वाईटच आणि त्याबद्दल मालकाला फोन करून सांगायला काहीच हरकत नाही, मी असतो तर सांगितलं असतं.

आता तो का घाबरला ते बघा. आपल्या दोन केमिकल्सची नावं म्हणजे एकापेक्षा एक आहेत. एक पोटॅशियम फेरीसायनाइड आणि दुसरं फेरिक अमोनियम सायट्रेट, म्हणजे एका नावात विष ऐकू येतं आणि दुसऱ्यात बॉम्ब. स्फोटकांत वापरतात त्या अमोनियम नायट्रेटवर २०१२ पासून वेगळे नियम आहेत, लायसन लागतं, ते काउंटरवरच्या पोराला कुणीतरी दम देऊन सांगितलेलं असतं, आणि त्याच्या डोक्यात तेवढं ‘अमोनियम’ राहतं. त्यात २०१३ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात आदेश दिला की ॲसिड विकताना दुकानदाराने रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं पत्त्यासकट सरकारी ओळखपत्र बघायचं, कशासाठी पाहिजे ते लिहून घ्यायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही, आणि विक्रीची माहिती तीन दिवसांत पोलिसांना कळवायची. नियम मोडला तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. फेरीसायनाइड काही ॲसिड नाही, त्याला हा आदेश लागू नाही, पण दहा-पंधरा हजार पगारावरच्या माणसाने कुठल्या बाटलीला काय लागू ते पाठ करत बसायचं की सरळ नाही म्हणायचं? नाही म्हटल्याबद्दल त्याला कुणी ओरडत नाही.

मी सुरुवात केली २०१४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे हे सगळं ताजं होतं. एका मित्राने वर्कशॉपमधून उरलेलं थोडंसं दिलेलं, ते पंधरा दिवसांत संपलं, मग मी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास हिंडायला लागलो. एका दुकानातला संवाद अजून जसाच्या तसा लक्षात आहे.

‘सर, हे नाही मिळणार.’

‘संपलंय का?’

‘नाही, आहे. पण नाही मिळणार.’

आणि बाटली त्याच्या डोक्याच्या बरोब्बर मागे फळीवर, मला लेबल वाचता येत होतं! दुसऱ्या दुकानात कॉलेजचं लेटरहेड आणा म्हणाले. तिसऱ्यात तुमच्यासारखंच, थोडी मस्करी, थोडा संशय, ‘घरी सगळं ठीक आहे ना काका’ इथपर्यंत. तेव्हा राग आला होता, आता वाटतं की त्या पोराने निदान विचारलं तरी.

चौथ्या दुकानात गल्ल्यावर स्वतः शेठ होते, सत्तरीचे, चष्मा कपाळावर. मी चिठ्ठी दिली आणि काय करता ह्याचं म्हणून त्यांनी विचारल्यावर बोलायच्या आधी डायरीत खूण म्हणून ठेवलेला एक प्रिंट काढून समोर धरला, शेवग्याच्या डहाळीचा, हाताएवढा. खरं सांगायचं तर मुद्दाम नाही केलं, बोलायचा कंटाळा आला होता. त्यांनी चष्मा खाली घेतला, कागद उलटा केला, नाकाला लावला आणि म्हणाले, ‘अमोनिया प्रिंट?’

ज्यांनी आर्किटेक्टच्या किंवा पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात जुने दिवस काढलेत त्यांना अमोनिया प्रिंट म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, नकाशांच्या नकला काढायची जुनी पद्धत. त्यांचा मेव्हणा ड्राफ्ट्समन होता आणि तो घरी आला की सगळ्या घराला वास यायचा म्हणे. मी म्हटलं शेठ, हे त्याच्याही आधीचं. अमोनियात पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा यायच्या, ह्यात निळ्या कागदावर पांढऱ्या, खरी ‘ब्लू प्रिंट’ ती ही. आपण पेपरात रोज विकासाची ब्लू प्रिंट वाचतो ना, तो शब्द ह्याच दोन केमिकल्समधून आलाय. ‘असं होय’ म्हणाले आणि आत बघून ओरडले, ‘ए, वरची रेड प्रशिएट काढ रे.’ रेड प्रशिएट ऑफ पोटॅश हे फेरीसायनाइडचं जुनं व्यापारी नाव. मला तोवर पुस्तकातच माहीत होतं.

मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. लागू नसताना ते सगळ्याच बाटल्यांची नोंद करायचे, त्यांची पद्धत. नाव, पत्ता, फोन, आणि ‘कारण’ ह्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं ‘निळे फोटो’. मागचा पोरगा फिस्सकन हसला. का ते तुम्हाला कळलं असेलच. तेव्हापासून मी कुणालाही तो रकाना भरू देत नाही, स्वतः ‘ब्लू प्रिंट (सूर्यप्रकाशात छपाई)’ असं स्वच्छ अक्षरात लिहितो.

(रजिस्टरवरून आठवलं. सायनोटाइप शोधलं इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये, आणि त्याचा मुलगा विल्यम हर्शेल बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या कागदावर सहीसोबत अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, पुढे ठशांवरून माणूस ओळखायचं वेड त्याने आयुष्यभर जपलं. म्हणजे बापाने आपल्याला दुकानात पाठवायची सोय केली आणि पोराने दुकानदाराला आपली ओळख पटवून घ्यायची.)

तर ताई, उपाय एकच आणि साधा आहे, तोंडी सांगू नका, प्रिंट दाखवा. एक पानाचा आणि एक माणसाच्या चेहऱ्याचा, असे दोन पाकिटात ठेवा. पान बघितलं की लोकांना वाटतं रंगकाम आहे, चेहरा बघितला की फोटो आहे हे पटतं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा पोरगा एकटा आणि गर्दी जबरदस्त, आठवड्यात सकाळी मालक असताना जा. आधार कार्ड त्यांनी मागायच्या आत काढून ठेवा, मागितल्यावर कपाळाला आठी घातली की संपलं. आणि खोटं कारण देऊ नका, ‘मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट’ वगैरे. एकदा चालेल, दुसऱ्यांदा मुलगा कितवीत आहे विचारतील.

मागायचं काय ते नीट लिहून न्या. एलआर (लॅबच्या साध्या वापराचा) ग्रेड पुरतो, एआरचे (जास्त शुद्ध, महाग) पैसे घालवू नका. फेरिक अमोनियम सायट्रेट हिरवं मागा, तपकिरीही येतं पण हिरवं उन्हाला लवकर दाद देतं. ते दिसायला भयंकर वाटलं तरी लोहाच्या टॉनिकमध्ये वापरतात तेच आहे, हे दुकानदाराला सांगून बघा, चेहरा बदलतो. दोन वेगळ्या बाटल्या, एकीत १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट, दुसरीत १०० मिलीत १० ग्रॅम फेरीसायनाइड, आणि लावायच्या वेळी लागेल तेवढं निम्मं-निम्मं मिसळायचं. म्हणजे तुमच्या १०० ग्रॅमला जोडीला २५० ग्रॅम सायट्रेट लागेल आणि मिळून दोन लिटर द्रावण होईल. ए-फोर कागदाला दोन-तीन मिली पुरतं, हिशोब करा, सहाशेच्या वर कागद! एवढं तुम्हाला दोन वर्षं पुरेल. अडचण अशी की माल बहुतेक ५०० ग्रॅमच्या सीलबंद बाटलीत येतो आणि सील फोडून सुटं द्यायला दुकानदार तयार नसतो, १०० ग्रॅमला नाही म्हणण्यात तेही एक कारण असतं, फक्त ते कुणी सांगत नाही. चार-पाच जणांनी मिळून एक बाटली घ्यायची, आम्ही तेच करतो. मुंबईकरांनी प्रिन्सेस स्ट्रीटला जावं, तिथे लॅबचा माल विकणाऱ्यांना असल्या चिठ्ठ्यांची सवय आहे.

आता सायनाइडचं. कुणी विचारलं तर ‘काही नसतं हो त्यात’ असं उडवून लावू नका, कारण त्यात सायनाइड असतं, फक्त लोखंडाने ते इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की सहजी सुटत नाही. त्याचा सख्खा भाऊ फेरोसायनाइड आपल्या घरात असतो, मिठाच्या पुड्याच्या मागे बारीक अक्षरात आयएनएस ५३६ आहे का बघा, मीठ गोळा होऊ नये म्हणून कणभर टाकतात. गंमत म्हणजे नावाचा प्रवास उलटा आहे. निळा रंग (आपल्या प्रिंटमधला तोच) आधी, १८ व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, म्हणून प्रशियन ब्लू, आणि १७८२ मध्ये शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ह्या रंगापासून ते विषारी आम्ल काढलं, मग विषाला ग्रीकमधल्या ‘निळा’ ह्या शब्दावरून नाव मिळालं. म्हणजे निळ्यावरून सायनाइड, सायनाइडवरून निळा नाही. आणि १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात किरणोत्सारी सीझियम लोकांच्या पोटात गेलं तेव्हा तोच प्रशियन ब्लू त्यांना औषध म्हणून दिला होता. हे मी एका मेडिकलवाल्याला काउंटरवर उभं राहून ऐकवलं, त्याने मला हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली दिली आणि म्हणाला काका मागे लाइन आहे. (पेरॉक्साइड घ्याच, शेवटच्या पाण्यात चमचाभर टाकलं की निळा एका क्षणात गर्द होतो.)

पण दुकानदाराची भीती ज्या एका ठिकाणी खरी आहे ते लक्षात ठेवा. फेरीसायनाइड आणि तीव्र ॲसिड एकत्र आलं, त्यात उष्णता मिळाली, तर विषारी वायू सुटू शकतो. त्यामुळे ते धुवायचं भांडं आणि संडास साफ करायचं ॲसिड एका मोरीत नको. स्वयंपाकाचे चमचे नकोत, वजनकाटा वेगळा, हातमोजे घाला, बाटलीवर मराठीत मोठं लिहा. माझ्या आईने एकदा ती केशरी-लाल खड्यांची बाटली बघून ‘हा कसला रंगीत खडीसाखरेचा प्रकार’ विचारलेलं, त्या दिवशी कुलूप आणलं.

कापडावर करणार असाल तर धुण्याच्या सोड्यापासून लांब ठेवा, निळा जाऊन पिवळट होतो. काळपट छटा हवी असेल तर कोऱ्या कडक चहात बुडवा.

ते शेठ आता दुकानात रोज येत नाहीत, मुलगा बसतो. शेवग्याचा तो प्रिंट त्यांनी तेव्हाच ठेवून घेतला होता, काउंटरच्या काचेखाली लावलाय, कॅलेंडर आणि जीएसटीच्या कागदाच्या मधे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा बघितलं, दारातनं दुपारचं ऊन थेट त्यावर येतं, अगदी फिका पडलाय. मुलाला म्हटलं काढून महिनाभर वहीत ठेव, अंधारात रंग बराचसा परत येतो. त्याचा विश्वास बसला नाही. तुमचं सायट्रेट आणायला पुढच्या मंगळवारी जाणारच आहे, तेव्हा बघतो काढलाय का. फेरीसायनाइड माझ्याकडे ८०-९० ग्रॅम पडून आहे, पुण्यात येणं होणार असेल तर कळवा, लेबल लावलेली रिकामी बाटली घेऊन या.