वाढ ४,७०० ची, हातात किती?

"ताई, मी ३४ वर्षांची. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात चेकिंगला होते, जूनपासून सुपरवायझर केलं. पगार १९,८०० चा २४,५०० झाला. स्लिपचे फोटो जोडलेत. घटस्फोटाला पाच वर्षं झाली, पोटगी कागदावरच आहे. मुलगी चौथीत, नोव्हेंबरात दहा पूर्ण होतील. शाळा सुटली की ती आईकडे जाते, मी सातला घेऊन येते. आई दादाकडे असते. लाडक्या बहिणीचे १,५०० पण येतात. वाढ झाली तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण महिनाअखेर तीच रड. भिशी लावली २,००० ची, मोबाईल घेतला हप्त्यावर, १,३५० चा. शनिवारी पोरीला बाहेर खायला नेते, तीनेकशे जातात. बापाची उणीव भासू नये एवढंच. आता दादा म्हणतो, तुझी स्लिप चांगली झालीय, तुझ्या नावावर दोन लाख काढ, मी टेम्पो घेतो, हप्ता मीच भरणार. नाही म्हटलं तर पोरीला ठेवू कुठं? आणि पैसे नेमके कुठं मुरतात तेही कळेना.
अशोक चौकातली एक आई"

अगं, वयानं तुझ्या आईच्या बरोबरीची आहे मी, तेव्हा अगं-तुगंच करते.

पैसे कुठं मुरतात ते आधी बघू, कारण ते सोपं आहे. स्लिपा शेजारी ठेवून मी पेन घेऊन बसले. पगार ४,७०० नं वाढला. बेसिक १२,००० वरून १५,००० झाल्यामुळं पीएफ ३६० नं जास्त कापला जातोय, ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची कपात, १४९ ची १८४ झाली. म्हणजे हातात जास्तीचे आले ४,३०५. आणि गेले? भिशी दोन हजार, मोबाईल १,३५०, चार शनिवारांचे बाराशे. झाले ४,५५०. कुठं मुरले नाहीत गं, तू मोजूनच दिलेत. वर अडीचशे खिशातले.

पण मला काळजी वेगळीच आहे. ती ईएसआयची ओळ परत बघ की. महिना २१,००० च्या वर पगार गेला की ही योजना नाही. सहामाहीच्या मधे पगार वाढला तर ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, म्हणून तुझ्या स्लिपवर अजून कपात दिसते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. पुढच्या जूनअखेरीनंतर विम्याच्या दवाखान्यात तुझं कार्ड चालणार नाही. कारखान्याच्या ऑफिसात विचारून तारीख पक्की करून घे. तोवर जे जे 'बघू नंतर' म्हणून ठेवलंयस ते उरकून टाक: तुझी रक्ततपासणी, पोरीचे डोळे, दात. नंतर रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. पण ती दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर, आणि ठरलेल्या उपचारांना. ताप-खोकल्याची गोळी त्यात येत नाही.

दुसरं, लाडकी बहीण. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न ही अट आहे. जुन्या पगारात तुझं २,३७,६०० व्हायचं, बसत होतीस. आता वर्षाचं २,९४,००० होतं. उद्या ना परवा ते १,५०० थांबणार असंच धरून चाल, त्यावर कुठलाही हप्ता लावू नको.

आता परत पेन घे. ४,७०० तून पीएफचे ३६० वजा. ईएसआय सुटल्यावर १४९ वाचतील ते मिळव. ४,४८९. त्यातून १,५०० गेले, २,९८९. तुझ्या नि लेकीच्या आरोग्य विम्यासाठी महिना हजार बाजूला काढले, तर उरले १,९८९. ही तुझी खरी पगारवाढ. दादाला वाटतं पावणेपाच हजार, शेजारणींना वाटतं सुपरवायझर झाली म्हणजे दहा तरी वाढले असतील. (कुणाला आकडा सांगितलास म्हणून हे झालं, पण ते राहू दे.)

या १,९८९ च्या शेजारी दादाचं कर्ज ठेवून बघ. दोन लाख, १४ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ५,४६५ रुपये. सगळी वाढ, अगदी कागदावरची ४,७०० धरली तरीही, त्यापुढं कमीच पडते. 'हप्ता मी भरतो' हे दादा मनापासून म्हणत असेल. पण टेम्पो गॅरेजला उभा राहिला की बँकेचा फोन दादाला नाही, तुला येणार. दोन हप्ते चुकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुझी खराब. पुढं लेकीच्या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज काढायला जाशील तेव्हा हेच आडवं येईल.

म्हणून नाही म्हण. फक्त मोकळ्या हातानं म्हणू नको. टेम्पोसाठी वाहनकर्ज मिळतं, त्यात टेम्पोच तारण राहतो, आणि ते त्याच्या नावावर व्हायला हवं. मुद्रा योजनेत किशोर गटात ५०,००० ते ५ लाखांपर्यंत बिनतारणी कर्ज आहे, मालवाहू गाडीलाही मिळतं. त्याला म्हण, "दादा, माझ्या नावावर नको. सुट्टी काढून तुझ्याबरोबर बँकेत येते, फॉर्म मी भरून देते." जामीनदार म्हणून सही मागितली तर तीही करू नको. बँकेनं त्याला नाही म्हटलं तर का म्हटलं, ते तुलाही कळू दे.

राहिला प्रश्न आईचा. पत्रात तू त्यावरून झटकन पुढं गेलीस, पण सगळी गोम तिथंच आहे. दुपारपासून सात वाजेपर्यंत आई पोर सांभाळते, आणि त्याची परतफेड म्हणून तू दादाला 'हो' म्हणायच्या बेतात आहेस. काम आई करणार आणि दाम दादाला? तिला महिन्याला हजार रुपये दे. तिच्या हातात, दादासमोर नाही. नको म्हणेल, दोनदा म्हणेल. "तुझ्या औषधाला" म्हणून पदराला बांध. हे हजार कुठून आणायचे तेही सांगते: चार शनिवारांपैकी तीन घरात. नऊशे तिथंच वाचले.

आता शनिवारांवर रागावशील, माहीत आहे. माझा नवरा गेला तेव्हा मुलगा सात वर्षांचा. मी पतपेढीत कारकून. फरकाचे पैसे हातात आले आणि त्याच आठवड्यात मी रंगीत टीव्ही आणला, उरलेल्याचे हप्ते बांधून. शेजारच्या घरात जाऊन दारात उभं राहून बघायचा ना तो. तिसऱ्या महिन्यात त्याला टायफॉइड झाला. पाटल्या गहाण ठेवल्या आणि टीव्हीचा हप्ता मात्र वेळेवर भरला, कारण वसुलीवाला दारात यायचा. पुढं कितीतरी वर्षांनी पोरगा म्हणाला, "आई, मला टीव्ही आठवतच नाही फारसा. तू दवाखान्यात रात्रभर खाटेला टेकून बसलेली आठवतेय." तुझी लेक दहाची होतेय. तिला घरात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर दही वाढून सांग, या महिन्यात एवढे आले, एवढे गेले. तिला कळतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेत गड्ड्याला नेशील तेव्हा दोनशे रुपये तिच्या मुठीत दे आणि गप्प उभी राहा. पाळणा की बांगड्या, ते तिला ठरवू दे.

भिशी मधे सोडू नको, बाकीच्या बायकांची पंचाईत होते. तुझा नंबर लागला की ती रक्कम सरळ बँकेत मुदत ठेवीत टाक आणि पुढची फेरी धरू नको. भिशी वाईट नाही, पण मध्यरात्री रिक्षा करून दवाखान्यात जायची वेळ आली तर भिशीचा नंबर लागत नाही. मोबाईल फिटला की तेच १,३५० रुपये पोस्टाच्या आरडीत वळव. हप्ता भरायची सवय आहेच तुला.

दोन कामं या आठवड्यातच कर. बँकेत जाऊन जीवनज्योती विमा (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये) चालू आहेत का बघ, नसतील तर फॉर्म भर. दोन्ही मिळून महिन्याला ३८ रुपये पडतात. एकात कशानंही मृत्यू आला तरी दोन लाख, दुसऱ्यात अपघातानं आला तर दोन लाख. एकटीच्या संसारात हे आधी, मोबाईल नंतर. आणि पीएफला वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते उघडून बघ. घटस्फोटानंतर ते बदललंस का? पाच वर्षांत कुणी विचारलं नसेल, मी विचारते. लेक अल्पवयीन आहे, तिचं नाव लावताना पालक म्हणून तुझ्या आईचं नाव द्यावं लागेल. दादाचं नको, कारण मी वर लिहिलंय.

सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहाची व्हायच्या आतच उघडता येतं. तुझ्याकडं नोव्हेंबरापर्यंतचीच मुदत. सध्या व्याज ८.२ टक्के. पण आता उघडलंस तर मुदत संपेतो पोर तिशीची होईल, म्हणून त्यात फार घालू नको. वर्षाला २५० भरले तरी खातं चालू राहतं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. पोस्टात शनिवारी सकाळी जा. लेकीचा जन्मदाखला, तुझं आधार, पॅन आणि फोटो. तिलाही बरोबर ने, त्या शनिवारचा बाहेरचा वडापाव माझ्याकडून माफ.