'मैलाचा दगड' आणि त्यातला हजार

'मैलाचा दगड' हा इंग्रजीचा शब्दशः तर्जुमा आहे, म्हणून तो टाळावा का, असा प्रश्न आला आहे. मुळीच टाळू नये. टाळायचंच असेल तर 'मैलाचा दगड रचला' हे टाळा; रोज कानावर येतं! हा दगड रोवतात, मागे टाकतात. रचतात तो बांध.

आता 'मैल'. लॅटिन 'मिल्ले पास्सुस' म्हणजे 'एक हजार पावलं' असं लिहून कोशकार मोकळे होतात. साफ चूक. एक पास्सुस म्हणजे डावा पाय टेकल्यापासून तोच डावा पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर, 5 रोमन फूट, सुमारे 1.48 मीटर. हजार पास्सुस म्हणजे 1480 मीटर. कोशातल्या पावलांनी चाललात तर निम्म्यातच थांबाल. (1609 मीटरचा मैल इंग्रजांचा, 1593 साली त्यांनी तो 8 फर्लांगांचा ठरवला.)

रोमन मैलाच्या या लांबीचा पुरावा रोममध्ये उभा आहे. रोमहून दक्षिणेला जाणाऱ्या प्राचीन आप्पिया रस्त्याच्या पहिल्या मैलाचा खांब आज कॅपिटोलिन टेकडीच्या कठड्यावर दिसतो. वर नुसता 'I', खाली इ.स. 76 मधलं सम्राट वेस्पासियनचं नाव आणि त्याखाली नंतरच्या सम्राट नेर्वाचं. तो मूळचा सान सेबास्तियानो वेशीच्या जरा बाहेरचा. सगळे मैल फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, सोनेरी दगडापासून मोजत, असं सांगणाऱ्यांनी हे अंतर नकाशावर मोजून पाहावं. फोरमपासून ते मैलाच्या बरंच पुढे जातं, जुन्या तटाच्या कापेना वेशीपासून मात्र नेमकं बसतं.

पण खरी गंमत 'मिल्ले'त आहे. लॅटिन, संस्कृत, फारसी, ग्रीक या सगळ्यांच्या मूळ भाषेतल्या (ती भाषातज्ज्ञांनी अंदाजाने उभी केली आहे) शब्दांत त्याची फोड 'स्मी' (एक) + 'घेस्ली' (हजार) अशी करतात. संस्कृत 'सहस्र'ही तसाच: 'स' म्हणजे एक, 'हस्र' म्हणजे हजार. फारसी 'हजार' त्याच घरातला. 'मिल्ले'चं मूळ अज्ञात म्हणणारे पंडित विचारतात, 'स' गेला कुठे? अहो, लॅटिनमध्ये आरंभीच्या 'स्म'मधला 'स' गळतोच! आपल्या 'स्मित'चा तिथला भाऊबंद 'मीरुस', म्हणजे नवलाचा. तिथे गळलेला चालतो, मग इथेच का अडतं?

आणि 'किलो'? तो ग्रीक 'खिलिओइ'वरून आला, त्यातही तोच 'घेस्ल'. रस्त्यावरचे मैल जाऊन किलोमीटर आले, तरी दगडावरचा हजार तोच राहिला.