आधी डोळ्यांना दिसू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

पुण्याच्या तांबट आळीवर, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या कारागिरांच्या आळीवर, तू केलेला व्हिडिओ आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून पाहिला. सोबत पाठवलेला रिटेन्शनचा, म्हणजे व्हिडिओच्या कोणत्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले ते दाखवणारा, आलेखही नीट वाचला. एवढी मेहनत घेऊनही लोक अर्ध्या मिनिटात का निघून जातात, हा तुझा प्रश्न आहे. विषय उत्तम आहे, चित्रणही स्वच्छ आहे, तेव्हा उत्तर तेथे शोधू नकोस. सगळा दोष अल्गोरिदमच्या माथी मारण्याचाही मोह टाळ. अडचण अशी आहे, की सांगण्याचे सारे काम तुझे निवेदन करते आणि चित्रे त्याच्यामागून मुकाट्याने चालत राहतात. आवाज बंद केला तर काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही, आणि डोळे मिटून घेतले तर काहीच अडत नाही. न पाहताही जो पुरता समजतो, तो व्हिडिओ पाहत बसण्याचे प्रेक्षकाला काय कारण?

आलेख मात्र तुला वाटतो तितका निर्दय नाही. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी नुसत्या क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून सगळेच या रेषेकडे डोळे लावून बसले आहेत. ती रेषा सुरुवातीला घसरतेच, कारण चुकून आलेले लोक लगेच परत जातात. त्यानंतर ती सपाट राहिली तर लोक बसून आहेत असे समजावे. खड्डा पडला तर तेवढा भाग त्यांनी पुढे ढकलला किंवा तेथूनच ते उठून गेले, आणि उंचवटा आला तर लोकांनी मागे येऊन तो भाग पुन्हा पाहिला. तुझ्या आलेखात पेशवाईची माहिती सांगणाऱ्या ड्रोनच्या दृश्यांवर रेषा सरळ खाली येते. पण मध्यावर एक छोटा उंचवटा आहे, आणि त्याकडे तुझे लक्ष गेलेले दिसत नाही.

त्या ठिकाणी काय आहे ते पुन्हा पाहा. लोखंडी दांड्यावर चढवलेले एक निस्तेज घंगाळ आहे. कारागीर त्यावर हातोडीचा पहिला ठोका मारतो, आणि त्या मळकट पृष्ठभागावर नखाएवढा एक लखलखीत ठसा उमटतो. मग त्याच्या शेजारी दुसरा, त्याला लागून तिसरा. हात एका लयीत चालतो, भांडे थोडे थोडे फिरते आणि ठशांची ओळ सरळ पुढे सरकत जाते. तेवढ्या वेळात तू एक शब्दही बोललेला नाहीस. ओळ पूर्ण होईल का, ती जेथून निघाली तेथे बरोबर जुळेल का, एवढेच पाहण्यासाठी माणूस थांबतो. तुझ्या संपूर्ण व्हिडिओत मठारकामाचा, म्हणजे भांड्यावर असे ठसे ठोकण्याचा, हा एकच तुकडा असा आहे, की ज्यात चित्र स्वतः एक प्रश्न विचारते आणि उत्तर द्यायला थोडा वेळ घेते. प्रेक्षक टिकवण्याची जी विद्या म्हणतात, ती माझ्या मते बहुतांशी एवढीच आहे: प्रश्न दिसला पाहिजे, उत्तरही दिसले पाहिजे, आणि दोहोंच्या मध्ये वाट पाहायला लावणारे असे काहीतरी घडत राहिले पाहिजे.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी भांडवल उभे करण्यासाठी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि रोज थोडे थोडे चित्रण करायचे, की पडद्यावर काही क्षणांत बीचे रोपटे झालेले दिसावे, अशी ती युक्ती होती. वाटाण्याचा वेल होणार हे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! शेवट माहीत असूनही नजर खिळते, कारण तो शेवट कसा गाठला जातो हे डोळ्यांसमोर बदलत जाताना दिसते. म्हणून ‘शेवटी काय झाले ते पाहा’ असल्या खोट्या उत्कंठेच्या पाट्या तू लावू नकोस. तुझ्या विषयात पत्र्यातून भांडे घडते हे सर्वांना माहीत आहेच; ते कसे घडते, हे दाखवणे तुझ्या हातात आहे.

आता त्याच साहित्यातून हा व्हिडिओ नव्याने कसा बांधता येईल, ते सांगतो. तुझ्याकडे एक फार मोलाचे दृश्य आहे: आकार आलेले, जवळजवळ तयार वाटणारे भांडे कारागीर पुन्हा भट्टीत ठेवतो. तू त्यावर निवेदन घातले आहेस, की ठोकून ठोकून तांबे कडक होते, म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते. माहिती खरी आहे, पण दृश्य यायच्या आधीच ती सांगून टाकल्यामुळे दृश्याचे कुतूहल संपते. त्याऐवजी क्रम असा लाव. ठोके चालू आहेत. ठोक्याचा नाद हळूहळू बदलतो. कारागीर थांबतो, भांड्यावरून बोट फिरवतो, आणि उठून ते आगीत टाकतो. येथे काही क्षण काहीही बोलू नकोस. चांगले झालेले भांडे हा माणूस का जाळतो आहे, असे प्रेक्षकाच्या मनात येऊ दे. मग लालबुंद झालेले भांडे बाहेर येते, थंड होते, पुन्हा ठोका पडतो आणि या वेळी पत्रा मुकाट वाकतो. आता तुझे एक वाक्य बोल. ते आता माहिती राहणार नाही, प्रेक्षकाच्या मनातल्या शंकेचे उत्तर होईल. आधीच्या दृश्यामुळे पुढचे दृश्य येते आहे असे जेथे वाटते, तेथे माणूस बसून राहतो. एकामागून एक सुंदर दृश्ये नुसती ओळीने मांडली, की तो कौतुक करतो आणि निघून जातो.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाण्याची, परंपरा जपली आहे; तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. संधी मिळाली तर तो प्रयोग प्रत्यक्ष पाहा. एका कथेच्या चित्रांची एक पोथी असते. कथेकरी एक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीने त्यातला प्रसंग गातो आणि तो प्रसंग संपला की मगच पुढचे चित्र काढतो. पुढचे चित्र तोवर दिसत नाही, आणि समोरचे चित्रही ज्यासाठी उचलले त्यापेक्षा एक क्षणही जास्त धरलेले नसते. किती वेळ धरायचे आणि कधी बदलायचे, हा निर्णय तो श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून घेऊ शकतो. तुला ती सोय नाही, म्हणून एडिटच्या टाइमलाइनवर प्रत्येक कटपाशी स्वतःलाच विचारावे लागेल, की या दृश्यातून घेण्यासारखे अजून काही उरले आहे का. दर दोन-तीन सेकंदांनी कट मारला की लोक टिकतात, हा समज हल्ली फार फैलावला आहे आणि मला तो अजिबात पटत नाही. हातोडीच्या त्या दृश्यात तुझा कट पाऊण मिनिट नाही आणि तेथेच लोक मागे येऊन पाहतात, हे तुझाच आलेख सांगतो आहे.

कटाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही थोडी काळजीने लिहितो. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या बशीला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला, आणि पाहणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला, असे सांगतात. शेजारच्या चित्राने अर्थ बदलतो, ही शक्ती तुझ्याही हातात आहे. तू वृद्ध कारागिराच्या स्तब्ध चेहऱ्यानंतर बंद दुकानाचे कुलूप दाखवले आहेस, आणि पाहणाऱ्याला वाटते की त्यांचे दुकान बंद पडले. ते तर त्या दिवशी चहा येण्याची वाट पाहत बसले होते, असे तूच मला कळवले आहेस. असा कट लोकांना धरून ठेवील यात शंका नाही. तरीही तो काढून टाक. त्या आळीत तुला पुन्हा जायचे आहे.

पेशवाईचा इतिहास गाळावा असे मी म्हणत नाही. तो सुरुवातीला नको, एवढेच. कारागिराच्या हातातल्या, दांडा झिजून बोटांच्या आकाराच्या झालेल्या हातोडीचा क्लोज-अप तुझ्याकडे आहे. ती कोणाची, हा प्रश्न तेथे आपोआप उठतो, आणि पिढ्यांची हकिगत त्या जागी दोन वाक्यांत सहज बसेल. ड्रोनची दृश्ये एखाददुसरे सोडून सगळी काढ. बहुतेक लोक तळहाताएवढ्या पडद्यावर पाहतात, तेथे आळीची छपरे राखाडी ठिपके होतात आणि हातोडीचा ठसा मात्र स्पष्ट दिसतो. उभा छोटा तुकडा करणार असशील तर खालच्या आणि उजव्या कडेला अक्षरे ठेवू नकोस; बटणे आणि मजकूर तेथेच येतात. थंबनेलवर जे भांडे दाखवशील, तेच पहिल्या काही सेकंदांत दिसू दे. पार्श्वसंगीताचे काय करावे असे तू विचारले आहेस: ज्या आळीत शिरण्याआधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो, तिच्या व्हिडिओला बाजारातली सतार कशाला हवी?

पुढच्या खेपेस जाशील तेव्हा तीन गोष्टी टिपून आण, कारण त्या तुझ्या साहित्यात नाहीत: ठोका पडतानाचे कारागिराचे डोळे, भांडे फिरवणारा त्याचा दुसरा हात, आणि ठशांची ओळ जेथे सुरुवातीला येऊन मिळते ती जागा. ओळ जुळण्याचा क्षण तू मध्येच कापला आहेस. चित्रण होते की नव्हते, ते आधी जुन्या फुटेजमध्ये तपासून पाहा. नवा कच्चा कट झाला की निवेदन न चढवता मला पाठव. जेथे मला कळणार नाही त्या जागांच्या वेळा मी लिहून कळवीन, आणि मग फक्त त्या जागांपुरते निवेदन लिहायला घे.

तुझा,
एक जुना संकलक