तीन हजारांत नॉइज कॅन्सलेशन: डेसिबल नव्हे, आधी रबर बघा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरहून पीथमपूरला कंपनीच्या बसने रोज ये-जा होते, बजेट तीन हजारांचे आहे, आणि नॉइज कॅन्सलेशनवाल्या इअरबड्सच्या एका खोक्यावर ३२ तर दुसऱ्यावर ५० डेसिबल छापलेले पाहून काय घ्यावे हे उमगत नाही. राऊवरून जाणाऱ्या त्याच रस्त्यावर मी गेली कित्येक वर्षे बसच्या मागच्या बाकावर बसतो आहे आणि या काळात इअरबड्सच्या तीन जोड्या वापरून झाल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे एएनसी, बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपते आणि त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडते; दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. हे गणित खालच्या, एकसुरी आवाजांसाठी चांगले जमते. १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे उलट लहर क्षणभर मागेपुढे झाली तरी फारसे बिघडत नाही. ४,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर मात्र जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, आणि तिथे तेवढीच चूक सगळा हिशेब उधळून लावते. म्हणून बसच्या इंजिनाची घरघर, एसी आणि पंखा यांचा आवाज बराच दबतो. हॉर्न, भांड्यांचा खणखणाट आणि मागच्या रांगेत रंगलेली क्रिकेटची चर्चा दबत नाही. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीतून चालताना एएनसी लावून शांतता मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

खोक्यावरचा डेसिबलचा आकडा हा साधारणपणे एखाद्या ठरावीक पट्टीतल्या आवाजावर मिळालेला सर्वांत मोठा आकडा असतो. सगळ्या आवाजांवर तेवढी घट होते, असा त्याचा अर्थ नव्हे. दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्मा आवाज झाल्यासारखी वाटते, हे खरे; पण ३२ आणि ५० मधला फरक बसमध्ये तितका मोठा जाणवेल, असे मानू नका.

वरच्या पट्टीतले आवाज अडवण्याचे काम करतात ती इअरबडच्या टोकाची सिलिकॉनची रबरे, आणि माझ्या मते पैसा वसूल होतो तो तिथेच. माझी दुसरी जोडी पहिले दोन महिने मला अगदी टाकाऊ वाटत होती, कारण खोक्यातून निघाली तशीच, मधल्या मापाची रबरे मी दोन्ही कानांत घालत होतो. पुढे लक्षात आले की माझ्या डाव्या कानाला मोठे माप लागते. ते बदलले आणि तीच जोडी निराळी वाटू लागली. हे तपासायची माझी पद्धत अशी: तबल्याचे कोणतेही स्वच्छ रेकॉर्डिंग लावायचे आणि इअरबड बोटाने अलगद आत दाबायचा. दाबल्यावर डग्गा एकदम भरून येत असेल, तर रबर नीट बसलेले नाही आणि फटीतून खालचे स्वर बाहेर चालले आहेत. त्याच फटीतून इंजिनाची घरघरही आत येते. दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत.

हजार-दीड हजाराच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘ईएनसी’ लिहिलेले असते, त्याने फसू नका. ती सोय फोनवर पलीकडे बोलणाऱ्यासाठी असते, म्हणजे आपल्या मागचा गोंगाट त्याला कमी ऐकू यावा म्हणून. आपल्या कानाला तिचा काहीही उपयोग नाही. माझ्या पहिल्या खरेदीत मी नेमका इथेच गंडलो.

बॅटरीचे ४०-५० तास हे चार्जिंगची डबी धरून आणि बहुधा एएनसी बंद ठेवून सांगितलेले असतात. रोजच्या दोन-तीन तासांना कोणतीही जोडी पुरते. एलडीएसी, म्हणजे ब्लूटूथवरून अधिक बारकाव्याचा आवाज पाठवायची पद्धत, असल्याने आयफोनवर काही फरक पडत नाही, कारण आयफोन ते वापरतच नाही. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वेळी जोडता येत असतील, तर ऑफिसच्या कॉलसाठी ती सोय मी अधिक मोलाची मानतो.

आता नावे. वनप्लस नॉर्ड बड्स ३ हे २०२४ मध्ये २,२९९ रुपयांना आले, ३२ डेसिबलवाले. त्याच वर्षी सीएमएफ बड्स २,४९९ रुपयांना आले, त्यांचा दावा ४२ डेसिबलचा. रिअलमी बड्स एअर ६ हे ५० डेसिबलवाले ३,२९९ रुपयांना आले होते, म्हणजे सेलमध्ये उतरले तरच आपल्या बजेटमध्ये बसतील. आजचे भाव पाहून घ्यावेत. मला निवडायचे झाले, तर या तिघांपैकी जे परत करता येईल ते मी आधी मागवीन, कारण कानाचे माप कोणत्याही रिव्ह्यूत सापडत नाही. इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत भाव जरूर विचारून या, पण सील न फोडता तिथे कानात घालून पाहता येणार नाही, आणि पक्के बिल मिळत नसेल तर शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी तिथे घेऊ नका. माझ्या एका जोडीचा डावा इअरबड आठव्या महिन्यात मुका झाला, तेव्हा बिल शोधण्यात माझे दोन रविवार गेले. आता बिलाचा फोटो मी त्याच दिवशी काढून ठेवतो.

स्कूटरवर मात्र हे लावू नये. मागून येणाऱ्या वाहनाच्या इंजिनाचा आवाज एएनसी नेमका दाबते, शिवाय वारा मायक्रोफोनवर आदळून कानात फडफड होते ती वेगळीच. परतीची मुदत संपण्याआधी मागच्या चाकावरच्या बाकावर बसून एकदा राऊपर्यंत जा आणि एएनसी चालू-बंद करून पाहा. घरी पंख्याखाली केलेल्या चाचणीपेक्षा त्या वीस मिनिटांत जास्त कळेल.